पणास लावलेला मुखवटा

'कुस्ती' हा शब्द उच्चारला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर लाल मातीचा हौदा, लंगोट कसलेले दोन जवान आणि कोणाची पाठ मातीस लागते इकडे श्वास रोखून पाहणारा जनसमूह, असें चित्र उभें राहतें. मेक्सिको देशांत ज्या खेळास 'लुचा लिब्रे', म्हणजे मुक्त कुस्ती, असें म्हणतात त्याचा विचार करावयाचा असेल तर हें चित्र प्रथम बाजूस सारलें पाहिजे. तेथें माती नाहीं, दोरांनीं वेढलेला चौथरा आहे. लंगोट नाहीं, झगझगीत कापडाचा घट्ट पोशाख आणि खांद्यावरून लोंबणारा झगा आहे. आणि निकालाबद्दल म्हणाल तर तो बहुधा आधींच ठरलेला असतो. इतकें ऐकल्यावर सुशिक्षित वाचक 'मग ही कुस्ती नव्हे, हा तमाशा झाला' असें म्हणून पान उलटील. त्यानें तसें करूं नये, एवढ्याचसाठीं हा लेख. कारण, या ठरवून केलेल्या खेळांत एक वस्तु अशी आहे कीं, ती एकदां गेली म्हणजे खरोखरीच जाते. ती वस्तु म्हणजे मल्लाच्या तोंडावरचा मुखवटा.

१९५२ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या ७ तारखेस मेक्सिको शहरांतील 'आरेना कोलिसेओ' या आखाड्यांत दोन मुखवटाधारी मल्ल समोरासमोर उभे राहिले. एकाचा मुखवटा रुपेरी. त्याचें आखाड्यांतील नांव 'एल सान्तो', म्हणजे संत. दुसऱ्याचा काळा; तो 'ब्लॅक शॅडो' या इंग्रजी नांवानें लढत असे. दोघांनींही आपापला मुखवटा पणास लावला होता. झुंज तासाहून अधिक वेळ चालली आणि ब्लॅक शॅडो हरला. मग सर्वांच्या देखत त्याचा मुखवटा उतरला आणि त्याच्या आंत असलेला आलेहान्द्रो क्रूस नांवाचा माणूस लोकांस प्रथमच दिसला. ब्लॅक शॅडोचा आखाड्यांतील जोडीदार आणि मानलेला भाऊ 'ब्ल्यू डेमन' हा तोंवर दांडगाईनें लढणाऱ्या मल्लांच्या पक्षांत मोडत असे. या पराभवानंतर त्यानें तो पक्ष सोडला आणि पुढच्याच वर्षीं सान्तोस हरवून वेल्टर वजनाचें अजिंक्यपद हिरावून घेतलें. पदक गेलें, परंतु रुपेरी मुखवटा गेला नाहीं. या दोघांचें वैर पुढें वर्षानुवर्षें चाललें, चित्रपटांतून त्याची मैत्रीही झाली. मात्र एकमेकांचा मुखवटा उतरविण्याचें भाग्य दोघांपैकीं कोणासही लाभलें नाहीं.

एखादें कापडाचें टोपडें उतरणें ही एवढी मोठी घटना कां ठरावी? या प्रश्नाचें एक सोपें उत्तर नेहमीं दिलें जातें, आणि तें आम्हांस मान्य नाहीं. तें उत्तर असें कीं, मेक्सिकोच्या मातींत मुखवट्याची परंपरा हजारों वर्षांची आहे. तेओतिवाकान येथील पाषाणाचे मुखवटे, आस्तेक लोकांचे पिरोजांनीं मढविलेले मुखवटे, खेडोपाडीं आजही नाचणारे व्याघ्राचे आणि वृद्धांचे मुखवटे यांचाच वंशज म्हणजे हा मल्लाचा मुखवटा. ही वंशावळ ऐकावयास मोठी गोड आहे. शिवाय, ज्या १९५२ सालीं ब्लॅक शॅडोचा मुखवटा उतरला, त्याच सालीं पालेंके येथील मंदिराच्या पोटांत माया राजा पकाल याची समाधि सांपडून त्याच्या मृत मुखावरील हिरव्या जेड पाषाणाचा मुखवटा उजेडांत आला, हा योगायोग असल्या कल्पनांस खतपाणी घालण्यास पुरेसा आहे. २०१८ सालीं मेक्सिको शहराच्या सरकारनें लुचा लिब्रेस शहराच्या सांस्कृतिक वारशाचा मान दिला. एखाद्या गोष्टीस वारसा म्हटलें कीं तिला पणजोबा शोधण्याची घाई सर्वच देशांत होते, तशी ती तेथेंही झालेली दिसते.

वस्तुस्थिति याहून साधी आणि, आमच्या मतें, याहून अधिक रम्य आहे. साल्व्हादोर लुतेरोत नांवाच्या गृहस्थानें सरहद्दीवरील नोकरीच्या काळांत पलीकडच्या टेक्सास प्रांतांत कुस्त्यांचे जलसे पाहिले आणि १९३३ सालच्या सप्टेंबरांत तो धंदा मेक्सिको शहरांत सुरू केला. प्रारंभीं मल्लांत परदेशी माणसेंच पुष्कळ होतीं. १९३४ सालीं त्यांपैकीं सिक्लोन मॅकी नांवाचा एक अमेरिकन मल्ल, आन्तोनिओ मार्तीनेझ याच्या दुकानीं आला. मार्तीनेझ हा चामड्याच्या धंद्याकरितां प्रसिद्ध असलेल्या लेओन गांवचा, जोडे शिवणारा कारागीर. कुस्तीचा नादी असल्यामुळें तो मल्लांचे बूट शिवून देत असे. मॅकीला बूट नको होते, तोंड झांकणारें कांहींतरी हवें होतें. मुखवटाधारी मल्ल १८६७ सालीं पॅरिसमध्यें व १९१५ सालीं न्यूयॉर्कमध्यें येऊन गेले होते, तेव्हां कल्पना नवी नव्हती. परंतु मेक्सिकोंत असली वस्तु कोणीं शिवली नव्हती. मार्तीनेझनें मऊ चामडें घेऊन ती शिवली. पहिला मुखवटा डोक्यावर नीट बसला नाहीं आणि गिऱ्हाईक चिडलें, अशी हकीकत सांगतात. मग त्यानें पायाचें माप घ्यावें त्या काळजीनें डोक्याचीं मापें घेतलीं. तीं सतरा होतीं म्हणे. झुंज चालू असतां फिरणार नाहीं, घामानें घसरणार नाहीं, डोळे, नाक व तोंड मोकळें ठेवील आणि पाठीमागें नाडीनें आवळतां येईल, अशी जी घडण या माणसानें शोधून काढली तीच पुढच्या पिढ्यांनीं थोड्याफार फरकानें चालविली. चामड्याच्या जागीं साटिन आलें, नंतर ताणलें जाणारें चकाकतें कापड आलें, एवढेंच. तेव्हां या मुखवट्याचा पूर्वज शोधावयाचा तर तो आस्तेक पुरोहिताच्या देव्हाऱ्यांत न शोधतां चांभाराच्या ऐरणीजवळ शोधावा, असें आमचें म्हणणें आहे. यांत त्या मुखवट्याचा उपमर्द होतो असें ज्यांस वाटतें त्यांनीं असा विचार करावा कीं, परक्या माणसाच्या हौशीसाठीं शिवलेली एक वस्तु पांच-सहा वर्षांत एका राष्ट्राच्या जिवाची झाली, ही गोष्ट वारशानें मिळालेल्या कोणत्याही ठेव्यापेक्षां मोठी आहे.

ती जिवाची झाली ती पणामुळें. मेक्सिकन मल्लांपैकीं मुखवट्यानें प्रथम गाजला तो हेसूस व्हेलास्केस, म्हणजे 'मुर्सिएलागो', वटवाघूळ. आखाड्यांत आल्यावर पोतडी उघडून खरींखुरीं वटवाघळें सोडण्याची त्याची खोड होती, यावरून त्याच्या विनोदाची जात ध्यानांत यावी. १९४० सालच्या जुलैंत ओक्ताव्हिओ गाओना या मल्लाशीं त्याची झुंज ठरली. गाओनाला मुखवटा नव्हता, म्हणून त्यानें आपले केस पणास लावले. मुर्सिएलागोनें मुखवटा लावला आणि तो हरला. या झुंजीपासून 'आपुएस्ता'ची, म्हणजे पणाच्या कुस्तीची, रीत पडली. मुखवट्याविरुद्ध मुखवटा, मुखवट्याविरुद्ध केस, किंवा केसांविरुद्ध केस, असे तिचे प्रकार आहेत. आणि त्यांतील न्याय अगदीं उघड आहे. केस पुन्हां वाढतात. मुखवटा वाढत नाहीं.

हरलेल्या मल्लानें काय करावयाचें याचा विधि ठरलेला आहे. त्यानें नाडी सोडावयाची, मुखवटा विजेत्याच्या हातीं द्यावयाचा आणि आपलें खरें नांव, आपलें गांव व आपण किती वर्षें हा धंदा करीत आहों हें सर्वांस सांगावयाचें. दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांत त्याचें उघडें तोंड छापून येतें. त्यानंतर तो मुखवटा घालून त्याला पुन्हां लढतां येत नाहीं. साध्या झुंजींत प्रतिपक्ष्याचा मुखवटा ओढून काढणें हा गुन्हा आहे आणि तो करणारा बाद ठरतो. म्हणजे मुखवटा बळानें हिरावतां येत नाहीं. तो ज्याचा त्यानेंच पणास लावावा लागतो. द्यूतांत आपणा स्वतःस लावून हरलेल्या धर्मराजाची कथा ज्यांनीं लहानपणीं ऐकली आहे त्यांस या विधींतील थरार समजावून सांगण्याची गरज नाहीं.

येथें व्यवहारी वाचक विचारील कीं, निकाल जर ठरलेला, तर हरणेंही ठरलेलेंच. मग यांत गेलें काय? प्रश्न रास्त आहे. मुखवटा गमावणाऱ्यास त्या रात्रीं मोठी रक्कम मिळते, आणि पुष्कळ मल्ल उतारवयांत म्हातारपणची पुंजी म्हणून आपला मुखवटा हरतात, हेंही खोटें नाहीं. परंतु शेतकरी आपली जमीन भाव ठरवून, कागद करून, रोख पैसे मोजून घेऊन विकतो, म्हणून त्याची जमीन गेली नाहीं असें आपण म्हणतों काय? मुर्सिएलागो पुढें चित्रपटकथा लिहूं लागला, ब्लॅक शॅडो उघड्या तोंडानेंही वर्षानुवर्षें लोकप्रिय राहिला; पण सर्वांचें असें झालें नाहीं. ज्या डौलदार राक्षसास किंवा देवदूतास पाहावयास लोक येत होते त्याच्या जागीं घामाघूम झालेला, केस विसकटलेला, चार माणसांसारखा एक माणूस दिसला, आणि लोकांचा रस तेथेंच आटला, अशीं उदाहरणें या धंद्यांत थोडीं नाहींत.

या खेळाचा अर्थ लावतांना दोन मोठ्या लेखकांचा आधार घेण्याची चाल पडली आहे. त्या दोघांशींही आमचा थोडथोडा मतभेद आहे. पहिले रोलां बार्त. पॅरिसमधील कुस्त्यांवरील त्यांचा निबंध १९५७ सालच्या 'मितोलोजी' या संग्रहांत आहे. कुस्ती हा खेळ नसून देखावा आहे, प्रेक्षकास खऱ्याखोट्याची चाड नसून वेदना, पराभव आणि न्याय या गोष्टी स्पष्ट वाचतां याव्यात एवढीच त्याची अपेक्षा असते, हें त्यांचें प्रतिपादन बिनतोड आहे. पण त्यांच्या विवेचनांत वेदना वाचली जाते ती मुख्यतः मल्लाच्या पिळवटलेल्या चेहऱ्यावर. त्या चेहऱ्याला ते प्राचीन नाटकांतील मुखवट्याची उपमा देतात. मेक्सिकोंत उपमेची सोय नाहीं, कारण मुखवटा प्रत्यक्षच आहे, आणि त्यावर वेदनेची रेघही उमटत नाहीं. रुपेरी मुखवट्याचा भाव मार खातांना आणि मार देतांना एकच. म्हणून तेथील मल्लास मानेनें, खांद्यांनीं, गुडघ्यांनीं आणि दोरावरून घेतलेल्या उड्यांनीं सर्व बोलावें लागतें. तेथील कुस्ती इतकी उडती, इतकी नृत्याजवळची कां झाली याचें एक कारण आम्हांस येथें दिसतें.

दुसरे ओक्ताव्हिओ पाझ. हिंदुस्थानांत १९६२ ते १९६८ पर्यंत मेक्सिकोचे राजदूत म्हणून राहिलेले कवि, म्हणून आपणांस अधिक जवळचे. १९५० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'एकांताचा चक्रव्यूह' या त्यांच्या ग्रंथांत मेक्सिकन मुखवट्यांवर एक प्रकरण आहे. मेक्सिकन माणूस स्वतःस मिटून घेतो, त्याचा चेहरा हा मुखवटा आणि त्याचें हंसणें हाही मुखवटाच, मन उघडें करणें म्हणजे त्याला शरण जाण्यासारखें वाटतें, असा त्या प्रकरणाचा मथितार्थ. पाझ यांचा रोख आखाड्याकडे नाहीं. तरी त्यांचा सिद्धान्त उचलून मल्लाच्या तोंडावर बसविण्याचा मोह अनेकांस होतो. तो तेथें बसत नाहीं. पाझ यांचा मुखवटा भीतीनें घातलेला आहे. ज्यास आपलें कांहीं लपवावयाचें आहे तो माणूस तें पणास कशाला लावील? आखाड्यांतील मल्ल तर हजारों लोकांसमोर, दिव्यांच्या झगझगाटांत, 'हा माझा मुखवटा, हिंमत असेल त्यानें घ्यावा' असें आव्हान देत येतो. ही मिटून घेण्याची रीत म्हणतां येत नाहीं.

येथें आपली मराठी भाषाच आमच्या मदतीस येते. 'मुखवटा' या आपल्या शब्दांत दोन अर्थ एकमेकांस न दुखवितां नांदतात. एक अर्थ सोंगाचा: खरें तोंड झांकून खोटें दाखविणारा. दुसरा अर्थ देवाचा. भाद्रपदांत गौरी घरीं येतात तेव्हां उतरंडीला साडी नेसवून वर मुखवटा बसविला कीं त्या क्षणापासून ती उतरंड राहत नाहीं. घरांतल्या सुना तिच्याशीं माहेरवाशिणीसारख्या बोलूं लागतात. पालखींतल्या खंडोबाचा मुखवटा कांहीं लपवीत नाहीं. ज्याला तोंड नाहीं त्याला तो तोंड देतो. मेक्सिकन मल्लाचा मुखवटा या दुसऱ्या जातीचा आहे, असें आम्हांस वाटतें. पहिल्या अर्थानें पाहणाऱ्यास तेथें लबाडी दिसते, दुसऱ्या अर्थानें पाहणाऱ्यास प्रतिष्ठापना. अर्थात् ही तुलना फार ताणूं नये. गौरीच्या मुखवट्यामागें कोणी नसतें; मल्लाच्या मुखवट्यामागें पोटासाठीं धडपडणारा, बहुधा गरिबींतून आलेला एक माणूस असतो, आणि त्यामुळेंच मुखवटा उतरण्याची भीति तेथें संभवते.

सान्तोची सर्व कारकीर्द या दुसऱ्या अर्थाचें भाष्य आहे. इदाल्गो प्रांतांतील तुलान्सिंगो गांवीं १९१७ सालीं जन्मलेला रोदोल्फो गुस्मान हा मल्ल आधीं निरनिराळ्या नांवांनीं लढला. एकदां त्यानें दुसरा मुर्सिएलागो म्हणून मिरविण्याचा प्रयत्न केला, तेव्हां पहिल्यानें तक्रार केली आणि नांव सोडावें लागलें; वटवाघळाचीही मालकी असते, हा धडा त्याला लौकरच मिळाला. मग त्याच्या मार्गदर्शकानें सैतान, देवदूत व संत अशीं तीन नांवें पुढें ठेविलीं आणि त्यानें तिसरें उचललें. १९४२ च्या जुलैंत हा 'संत' प्रथम आखाड्यांत उतरला तो दांडगा मल्ल म्हणून! संत म्हणवावें आणि नियम मोडावेत, यांतली गंमत त्या प्रेक्षकांस पुरेपूर कळत होती. १९५२ पासून होसे क्रूस याच्या चित्रमय साप्ताहिकांतून त्याचीं साहसें घरोघर गेलीं आणि हळूहळू दांडगा मल्ल दुर्बलांचा कैवारी झाला.

त्याच्या चित्रपटांविषयीं मात्र स्पष्ट बोललें पाहिजे. १९५८ सालीं क्यूबांत पहिल्या दोहोंचें चित्रण झालें, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत त्यांची संख्या पन्नासावर गेली. स्त्री-पिशाच्चें, वेडे शास्त्रज्ञ, ग्वानाह्वातोच्या उठून चालणाऱ्या ममी, यांच्याशीं सान्तो झुंजतो. कथानकें पोरकट, पिशाच्चांचे दांत उघड उघड बाजारांतून आणलेले, आणि मध्येंच, कथेशीं कांहीं संबंध नसतां, आखाड्यांतील अख्खी एक कुस्ती घातलेली. कला या दृष्टीनें त्यांस वर काढणें कठीण आहे. तरीही एक गोष्ट पुन्हां पुन्हां लक्ष वेधून घेते. सान्तो कोट घालून मोटार हांकतो, शास्त्रज्ञाच्या घरीं पाहुणचार घेतो, तरुणीशीं हळुवार बोलतो, आणि सर्व वेळ त्याच्या तोंडावर रुपेरी मुखवटा असतो. पण 'हा काय प्रकार?' असें त्यास कोणीही विचारीत नाहीं. त्याचा आवाजही बहुतेक ठिकाणीं दुसऱ्या नटाचा आहे. चेहरा झांकलेला, आवाज उसना. तरी तो सान्तोच. याच्याही आधीं 'रुपेरी मुखवटेवाला' याच नांवाचा चित्रपट निघाला तेव्हां सान्तोनें त्यांत काम करण्याचें नाकारलें आणि भूमिका दुसऱ्या मल्लाकडे गेली. लोकांनीं खरा सान्तो मानला तो मात्र ज्याचा मुखवटा आखाड्यांत रोज धोक्यांत होता त्यालाच. पडद्यावरच्या मुखवट्याला आखाड्यांतील पणाचें तारण लागतें, असें यावरून म्हणावयास हरकत नाहीं.

हें तारण काढून घेतलें म्हणजे काय होतें याचें उदाहरण शेजारच्या देशांत घडलें. १९९९ च्या फेब्रुवारींत रे मिस्तेरिओ या मल्लास अमेरिकेंतील एका जलशांत मुखवटा हरावा लागला, आणि २००२ सालीं त्याच देशांत दुसऱ्या मालकाच्या पदरीं तो पुन्हां मुखवटा घालून उभा राहिला. त्याचें कौशल्य वादातीत आहे आणि दोष त्याचा नव्हे. पण ज्या धंद्यांत गेलेली वस्तु मालकाच्या इच्छेनें परत येते तेथें ती गेलीच नव्हती, हें प्रेक्षकास कळतें. आणि मग उरतो तो केवळ पोशाख. याच्या उलट, आखाड्याशीं संबंध नसलेला एक मुखवटा मेक्सिकोंत खरा ठरला. १९८५ सालच्या भूकंपानें मेक्सिको शहरांत असंख्य कुटुंबें बेघर झालीं. त्यांतून उभ्या राहिलेल्या भाडेकऱ्यांच्या चळवळींत १९८७ सालीं तांबडा-पिवळा पोशाख केलेला 'सुपरबार्रिओ' अवतरला आणि जप्तीचा हुकूम घेऊन आलेल्या कारकुनांसमोर दारांत उभा राहूं लागला. तो मुखवटा एकाहून अधिक माणसांनीं घातला असें म्हणतात. त्याच्या आंत कोण, हें विचारण्यांत त्या वस्तींतील बायकांस रस नव्हता. त्यांचें सामान रस्त्यावर पडतें कीं राहतें, हा त्यांचा पण होता.

सान्तोनें १९८२ सालीं निवृत्ति घेतली. त्यावेळींही त्याचा मुखवटा कोणी जिंकलेला नव्हता. १९८४ च्या जानेवारींत दूरचित्रवाणीवरील एका संभाषणाच्या वेळीं त्यानें पूर्वसूचना न देतां मुखवटा क्षणभर वर सरकविला आणि चेहऱ्याचा कांहीं भाग दाखविला. हरलेल्या मल्लानें सांगावयाचें तें नांव त्यानें सांगितलें नाहीं, नाडीही सोडली नाहीं. मुखवटा पुन्हां खालीं ओढून घेतला. फेब्रुवारीच्या ५ तारखेस हृदयविकारानें त्याला मृत्यु आला आणि त्याला मुखवट्यासह मूठमाती देण्यांत आली. त्यानें आपला शेवट ओळखून लोकांचा निरोप घेतला, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस त्याबद्दल निश्चित मत देतां येत नाहीं. त्याचा धाकटा मुलगा १९८२ पासूनच तोच रुपेरी मुखवटा घालून आखाड्यांत उतरूं लागला होता.